फॅनी ब्लँकर्स-कून: घरातली आणि मैदानावरची

१९४८ साली लंडनच्या वेम्बली मैदानावर स्त्रियांच्या लांब उडीचं सुवर्णपदक हंगेरीच्या ओल्गा ग्यार्मातीला मिळालं. तिची उडी ५.६९ मीटरची होती. उंच उडीचं सुवर्ण अमेरिकेच्या ॲलिस कोचमनने १.६८ मीटरवर जिंकलं आणि ऑलिम्पिकचं सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. या दोन्ही प्रकारांतले विश्वविक्रम तेव्हा तिसऱ्याच एका बाईच्या नावावर होते. लांब उडीत ६.२५ मीटर आणि उंच उडीत १.७१ मीटर. ती बाई लंडनमध्येच होती, तिची तब्येत ठणठणीत होती, आणि तरी ती या दोन्ही स्पर्धांत उतरली नाही. एका स्त्री खेळाडूला तीनपेक्षा जास्त वैयक्तिक प्रकारांत भाग घेता येणार नाही, असा नियम होता. तिने तीन शर्यती निवडल्या, तिन्ही जिंकल्या, आणि चौथं सुवर्ण रिलेत मिळवलं. स्त्रियांसाठी ॲथलेटिक्सचे प्रकार होतेच मुळी नऊ.

फॅनी ब्लँकर्स-कून तेव्हा तीस वर्षांची होती. तिचं लग्न होऊन आठ वर्षं होत आली होती आणि घरी दोन लहान मुलं होती. इंग्रजी वर्तमानपत्रांनी तिला ‘उडती गृहिणी’ म्हटलं आणि ते नाव तिला आयुष्यभर चिकटलं. ती स्वयंपाक उत्तम करते, मोजे छान रफू करते, शर्यतींच्या खालोखाल तिला घरकामच आवडतं, असं कौतुक तेव्हा छापून आलं. हे सगळं प्रेमाने लिहिलेलं होतं. पण त्यातून तिची जी मूर्ती तयार झाली, तिने खऱ्या बाईला पन्नास वर्षं झाकून ठेवलं.

‘घर सांभाळून खेळली’ हे वाक्य आपल्याकडेही फार मोलाचं मानलं जातं. कबड्डी-खोखोच्या संघातल्या मुलीचं लग्न ठरलं की पहिला प्रश्न येतो तो हाच: आता खेळाचं काय? आणि जी खेळत राहते तिच्या सत्कारात हटकून सांगितलं जातं की तिने घराकडे कधी दुर्लक्ष केलं नाही. फॅनीचं चरित्र मराठीत आणावं असं मला वाटलं ते या वाक्यामुळेच. ते वाक्य तिच्याबद्दल लाखो वेळा म्हटलं गेलं आहे, आणि ते पुरेसं नाही. ते घर कोण कसं चालवत होतं, सरावाच्या वेळी मुलं कुठे असत, हातात स्टॉपवॉच कोणाच्या असे, घरातल्या कोणाला काय सोसावं लागलं, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही. फॅनीचं आपल्या माणसांवर प्रेम होतं आणि तिला जिंकायचंही होतं. एकासाठी दुसऱ्याचा बळी द्यायला ती तयार नव्हती, आणि त्याची किंमत तिने एकटीने मोजली नाही. पुढची सगळी प्रकरणं या एका गोष्टीभोवती लिहिली आहेत.

तिचा जन्म २६ एप्रिल १९१८चा, नेदरलँड्समधल्या बार्नजवळच्या लाखे व्ह्यूर्स या खेड्यातला. वडील सरकारी नोकरीत होते आणि हौसेने गोळाफेक, थाळीफेक करायचे. पाच भाऊ आणि ही एक बहीण. मुलगी म्हणून तिला वेगळं बसवलं गेलं नाही. टेनिस, पोहणं, जिम्नॅस्टिक्स, तलवारबाजी, बर्फावरचं स्केटिंग, जे जे समोर आलं ते ती खेळली, आणि सगळ्यांतच चांगली खेळली. कोणता खेळ धरायचा हे ठरेना. पोहण्याच्या प्रशिक्षकाने तिला सल्ला दिला की आपल्या देशात चांगल्या पोहणाऱ्या मुली पुष्कळ आहेत, तू धाव.

१९३५ साली, सतराव्या वर्षी, ती स्पर्धांत उतरली आणि तिसऱ्याच स्पर्धेत तिने ८०० मीटरचा राष्ट्रीय विक्रम मोडला. यात एक मोठी अडचण होती. १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना पहिल्यांदाच ८०० मीटर धावू दिलं गेलं. शर्यत संपल्यावर काही जणी दमून जमिनीवर टेकल्या. पुरुष दमून पडले तर तो पराक्रम असतो. इथे मात्र वर्तमानपत्रांनी तिखटमीठ लावून अशी वर्णनं छापली की ती शर्यतच ऑलिम्पिकमधून काढून टाकली गेली. ती परत यायला १९६० साल उजाडावं लागलं. म्हणजे सतरा वर्षांच्या या मुलीला जी शर्यत सर्वांत आधी जमली, ती धावायला ऑलिम्पिकमध्ये तिच्या साऱ्या कारकिर्दीत जागाच नव्हती. तिच्या वाट्याला आल्या छोट्या शर्यती, अडथळे आणि उड्या.

त्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये तिहेरी उडीत भाग घेतलेला एक डच खेळाडू पुढे प्रशिक्षक आणि क्रीडापत्रकार झाला. त्याचं नाव यान ब्लँकर्स. स्त्रियांनी स्पर्धेत उतरू नये असं त्याचं मत होतं. त्या काळी बहुतेकांचं तेच होतं. फॅनीला शिकवताना ते बदलत गेलं. आधी तिच्या पायांनी त्याला पटवलं की नंतर प्रेमाने, हे दोघांनाही सांगता आलं नसतं बहुधा. त्यानेच तिला १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या निवड चाचणीला जायला लावलं. अठराव्या वर्षी ती बर्लिनला गेली. उंच उडीत पदकापासून दूर राहिली, रिलेत डच संघ पाचवा आला. तिथून तिने घरी आणलेली सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे जेसी ओवेन्सची सही. ती तिने जन्मभर जपली. छत्तीस वर्षांनी, १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये, तिने ओवेन्सला गाठून स्वतःची ओळख करून दिली आणि सांगितलं की तुमची सही अजून माझ्याकडे आहे. तो म्हणाला, तुम्ही कोण हे मला सांगायची गरज नाही, तुमच्याबद्दल मला सगळं ठाऊक आहे.

१९३८ साली १०० यार्डांचा विश्वविक्रम तिच्या नावावर झाला आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या युरोपीय स्पर्धेत तिने १०० आणि २०० मीटरमध्ये कांस्यपदकं मिळवली. पुढचं ऑलिम्पिक १९४०चं. ते झालं नाही. मे १९४०मध्ये जर्मन फौजांनी नेदरलँड्स घेतलं आणि त्याच वर्षी २९ ऑगस्टला फॅनी आणि यान यांचं लग्न झालं. तो तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. १९४४चं ऑलिम्पिकही झालं नाही. धावपटूच्या आयुष्यात बावीस ते सव्वीस ही वर्षं काय असतात, हे खेळाशी संबंध असलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. फॅनीची ती वर्षं जर्मनांच्या ताब्यातल्या देशात, रेशनच्या रांगेत गेली.

युद्धाच्या मध्यावर तिला मुलगा झाला. डच वर्तमानपत्रांनी गृहीत धरलं की फॅनीची कारकीर्द संपली. लग्न झालेल्या धावपटू स्त्रिया तेव्हा फार थोड्या होत्या, आणि मूल झाल्यावर धावणारी तर नजरेतच नव्हती. प्रसूतीनंतर काही आठवड्यांतच ती सरावाला परतली. यानंतरचा काळ मला तिच्या साऱ्या आयुष्यात सर्वांत थक्क करणारा वाटतो, लंडनपेक्षाही. १९४२ साली ८० मीटर अडथळ्यांचा विश्वविक्रम. १९४३च्या मे महिन्यात उंच उडीचा विक्रम तिने एका झटक्यात पाच सेंटिमीटरने वर नेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लांब उडीचा. बाहेरच्या जगाशी स्पर्धा नाही, पोटभर अन्नाची खात्री नाही, कोणी पाहुणा प्रेक्षक नाही, आणि ही बाई वाळूचा खड्डा आणि आडव्या दांडीपुढे उभी राहून जगात आजवर कोणी न केलेलं करत होती. १९४४-४५चा हिवाळा डच लोक ‘भुकेचा हिवाळा’ म्हणून ओळखतात. देशाच्या पश्चिम भागात अन्न आणि कोळसा संपला, आणि हजारो माणसं भुकेने व थंडीने मेली. ॲमस्टरडॅममधल्या त्या घरात एक लहान मूल होतं. खेळाचं नाव काढण्याचेही ते दिवस नव्हते.

युद्ध संपल्यावर मुलगी झाली. ती सात महिन्यांची असेल-नसेल तेव्हा, ऑगस्ट १९४६मध्ये, फॅनी ऑस्लोच्या युरोपीय स्पर्धेला गेली. तिथे १०० मीटरच्या उपांत्य फेरीत ती पडली. त्याच वेळी उंच उडीही सुरू होती. खरचटलेल्या अंगाने तिथे ती चौथी आली. पण अडथळ्यांच्या शर्यतीत आणि रिलेत तिने सुवर्ण मिळवलं.

आता तिच्या सरावाबद्दल. आठवड्यातून दोनदा, साधारण दोन-दोन तास. आजच्या धावपटूला हे खरं वाटणार नाही. ती सायकलवर मुलांना बसवून मैदानावर न्यायची आणि तिचा सराव होईपर्यंत मुलं लांब उडीच्या वाळूत खेळायची. मुलांचा सांभाळ आणि सराव या दोन कामांसाठी तिने दोन जागा केल्या नाहीत. ज्या वाळूत मुलं किल्ले करत, त्याच वाळूत ती उडी मारायची. आणि यान? तो नवरा, प्रशिक्षक आणि पत्रकार, तिन्ही एकाच वेळी. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर उद्याच्या सरावाची चर्चा व्हायची आणि सरावात घरातले विषय निघायचे. हे फार सोयीचं होतं. त्यातून सुटका नव्हती, हेही तितकंच खरं.

लंडनला जाण्याआधीच तिला पत्रं आली होती: दोन मुलांच्या आईने अर्ध्या चड्डीत लोकांसमोर धावणं शोभत नाही, घरी राहून मुलं सांभाळ. ब्रिटिश संघाचे व्यवस्थापक जॅक क्रम्प यांनी जाहीरपणे म्हटलं की तीस हे वय पहिल्या नंबरासाठी जास्त आहे. या शेऱ्याने तिला चेव आला, असं तिने पुढे अनेकदा सांगितलं. ऑलिम्पिकच्या दीड महिना आधी तिने १०० मीटरच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली होती आणि अडथळ्यांचा स्वतःचा विक्रम मोडला होता. कागदावर तिला तोड नव्हती.

लंडन तेव्हा युद्धातून नुकतंच सावरत होतं. ब्रिटनमध्ये अन्न अजून रेशनवर मिळत होतं, खेळाडूंसाठी नवं काही बांधलं गेलं नव्हतं. पुरुष खेळाडू छावण्यांत आणि स्त्रिया कॉलेजांत उतरल्या होत्या. चार हजारांहून जास्त खेळाडूंमध्ये स्त्रिया ३९०. भारताचा स्वतंत्र देश म्हणून तो पहिला ऑलिम्पिक संघ, आणि त्यात एकही स्त्री नव्हती. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मात्र होते. कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते तिथवर पोहोचले आणि गादीवरच्या कुस्तीची सवय नसताना फ्लायवेट गटात सहावे आले.

२ ऑगस्टला, पावसाने चिखल झालेल्या पट्टीवर, फॅनीने १०० मीटर ११.९ सेकंदांत जिंकले. दोन दिवसांनी अडथळे. तिथे तिच्यासमोर मॉरीन गार्डनर होती, एकोणीस वर्षांची, घरच्या प्रेक्षकांची लाडकी. फॅनीची सुरुवात फसली. पाचव्या अडथळ्यापर्यंत तिने गार्डनरला गाठलं, पण अडथळ्याच्या फार जवळ जाऊन त्यावर आदळली आणि तिचा तोल गेला. दोघींनी रेषा जवळजवळ एकत्रच ओलांडली, दोघींचा वेळ ११.२. निकालाची वाट पाहत असताना बँडने ब्रिटनचं राष्ट्रगीत सुरू केलं आणि फॅनीला वाटलं, संपलं, गार्डनर जिंकली. राष्ट्रगीत वाजलं ते राजघराण्यातली मंडळी मैदानावर आली म्हणून. छायाचित्रात फॅनी पुढे होती.

या दोन विजयांनंतर ती खचली. वेम्बलीचं कौतुक सांगताना हा भाग बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो. मी त्याला एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. २०० मीटरच्या उपांत्य फेरीआधी ती रडत होती. तिला मुलांकडे घरी जायचं होतं. पत्रकारांचा ससेमिरा, अपेक्षांचं ओझं आणि घरापासूनचं अंतर, सगळं एकदम अंगावर आलं होतं. यानने तिला सांगितलं की नको असेल तर धावू नकोस, पण पुढे तुला पश्चात्ताप होईल. तिने पोटभर रडून घेतलं आणि धावायला गेली. स्त्रियांची २०० मीटर शर्यत ऑलिम्पिकमध्ये त्या वर्षी पहिल्यांदाच होत होती. अंतिम फेरी तिने २४.४ सेकंदांत जिंकली आणि दुसऱ्या आलेल्या ऑड्री विल्यमसनला ०.७ सेकंदांनी मागे टाकलं. २०० मीटरमध्ये एवढं अंतर म्हणजे छायाचित्राच्या चौकटीत दुसरी धावपटू येतच नाही.

त्या रडण्याकडे आपण कसं पाहतो, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. तिचे चाहते ते मातृप्रेमाचा पुरावा म्हणून सांगत आले. टीकाकारांनी त्यातच त्यांचं म्हणणं खरं झालेलं पाहिलं: बघा, आईचं मन शेवटी घरीच. मला दोन्ही वाचनं कोती वाटतात. आठवडाभर रोज धावणारी, थकलेली, परक्या शहरात एकटी पडलेली कोणतीही व्यक्ती घर आठवून रडेल. फरक इतकाच, की पुरुष खेळाडूला त्याच्या मुलांबद्दल कोणी विचारलंच नसतं, म्हणून त्याचं रडणं फार तर थकवा ठरलं असतं.

७ ऑगस्टच्या रिलेची गोष्ट मात्र निखळ आनंदाची आहे. अंतिम फेरीची वेळ झाली तरी फॅनीचा पत्ता नव्हता. ती रेनकोट विकत घ्यायला बाजारात गेली होती. ऐन वेळी आली. क्सेनिया स्टाड-दे याँग, नेत्ये विट्झिर्स-टिमर आणि गेर्डा फान डर काडे-कौडैस या तिघींनंतर बॅटन तिच्या हातात आलं, तेव्हा ऑस्ट्रेलियाची धावपटू बरीच पुढे होती. शेवटच्या काही पावलांत फॅनीने तिला गाठलं. डच संघाचा वेळ ४७.५ सेकंद. त्या आठ दिवसांत ती अकरा वेळा धावली होती.

ॲमस्टरडॅममध्ये तिची मिरवणूक चार पांढऱ्या घोड्यांच्या उघड्या गाडीतून निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं दाटली होती. आपण फक्त थोडं जोरात धावलो, त्यासाठी एवढं कशाला, असं तिला वाटलं आणि तिने ते बोलूनही दाखवलं. राणीने किताब दिला. शेजाऱ्यांनी सायकल भेट दिली, आता इतकं धावायला नको म्हणून. जाहिरातींचे प्रस्ताव आले, पण हौशी खेळाडूंच्या कडक नियमांमुळे बहुतेक नाकारावे लागले. चार सुवर्णपदकांतून त्या घरात पैसा असा फारसा आलाच नाही.

पण ती थांबली नाही. १९४९ साली स्त्रियांच्या ॲथलेटिक्सचा प्रचार करायला ती ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेला गेली. मुलांकडे जायचं म्हणून लंडनमध्ये रडलेली हीच बाई वर्षभरात जगाच्या दुसऱ्या टोकाला स्वखुशीने निघाली, हे ‘गृहिणी’च्या चौकटीत बसत नाही. १९५०च्या ब्रसेल्सच्या युरोपीय स्पर्धेत तिने १००, २०० आणि अडथळे अशी तीन सुवर्णं आणि रिलेचं रौप्य मिळवलं.

त्याच १९५०च्या उन्हाळ्यातली एक घटना सांगितल्याशिवाय हे चरित्र लिहिणं अप्रामाणिक ठरलं असतं. फ्रीसलंड प्रांतातली फूक्ये डिल्लेमा ही धावपटू २०० मीटरमध्ये फॅनीची तोलामोलाची प्रतिस्पर्धी म्हणून पुढे आली होती. तिने २४.१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. जुलैमध्ये डच संघटनेने लिंगचाचणीच्या प्रकरणावरून तिला कायमचं बाहेर काढलं आणि तिचा विक्रम पुसून टाकला. फूक्ये गावी परतली आणि कित्येक दिवस घराबाहेर पडली नाही. ती २००७ साली वारली. तिच्या हकालपट्टीत यान ब्लँकर्सचा काही हात होता का, यावर नेदरलँड्समध्ये पुष्कळ वाद झाले. पुराव्याशिवाय मी कोणावर आरोप करत नाही. पण प्रशिक्षक, पत्रकार आणि नवरा एकच असलेल्या त्या घराचं त्या छोट्या क्रीडाजगतात वजन होतं, आणि त्याच्या बाहेर असलेल्या एका खेड्यातल्या मुलीला बाजू मांडायला कोणी नव्हतं, हे डोळ्यांआड करता येत नाही. फॅनीवर प्रेम करणाऱ्याने फूक्येचं नाव विसरू नये, म्हणून तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

१९५२चं हेलसिंकी फॅनीसाठी कडू ठरलं. अंगावर गळवं उठली होती. १०० मीटरची उपांत्य फेरी तिला सोडावी लागली. अडथळ्यांच्या अंतिम फेरीत तिने पहिले दोन अडथळे पाडले आणि ती थांबली. लंडनमध्ये याच शर्यतीत फॅनीच्या मागे तिसरी आलेली शर्ली स्ट्रिकलंड जिंकली. मराठी माणसाच्या आठवणीत हेलसिंकी आहे ते खाशाबांच्या कांस्यपदकामुळे. त्यांच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. पण त्याच हेलसिंकीत वांद्र्याच्या गोवेकर घरातली मेरी डिसूझा १०० आणि २०० मीटर धावली. स्वतंत्र भारतातर्फे ऑलिम्पिकला गेलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी ती एक. फॅनी ज्या मैदानावर शेवटचं मोठं अपयश घेऊन थांबली, तिथेच आपल्याकडच्या मुलींची सुरुवात झाली. एका कारकिर्दीत मावणारा हा काळ मला फार महत्त्वाचा वाटतो.

१९५५ साली तिने आपलं अठ्ठावन्नावं आणि शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. ते धावण्यातलं नव्हतं. ते गोळाफेकीतलं होतं, म्हणजे वडिलांच्या खेळातलं. त्याआधीच्या वर्षी रॉटरडॅममध्ये तिचा पुतळा उभा राहिला होता. पुढे १९५८पासून १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकपर्यंत ती डच ॲथलेटिक्स संघाची प्रमुख होती. १९७७मध्ये यान गेला. पुढे ती, बालपण जिथे गेलं त्या होफडोर्पला परतली. १९८१पासून हेंगेलो शहरात तिच्या नावाने स्पर्धा भरू लागल्या. १९९९ साली मोनॅकोत जागतिक संघटनेने तिला शतकातली सर्वोत्तम स्त्री ॲथलीट म्हणून गौरवलं, तेव्हा तिने खरोखरच्या आश्चर्याने विचारलं की जिंकले ती मीच का? अखेरच्या वर्षांत अल्झायमरने तिची स्मृती आणि बहिरेपणाने तिचे कान नेले. होफडोर्पच्या शुश्रूषागृहात २५ जानेवारी २००४ रोजी, पंच्याऐंशीव्या वर्षी, ती वारली.

मृत्यूच्या थोडं आधी तिचं पहिलं चरित्र नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध झालं. पत्रकार केस कोमान यांनी नातेवाईक, मित्र आणि जुने खेळाडू यांच्याशी बोलून ते लिहिलं. वर्तमानपत्रांनी जिला आदर्श आई म्हणून मिरवलं, ती त्यांच्या पुस्तकात वेगळी दिसते. माया उघड दाखवणं तिला जड जायचं आणि जिंकण्याची भूक तिला स्वस्थ बसू द्यायची नाही. हे वाचून काही जणांना धक्का बसला. मला उलट ती तिथे पहिल्यांदा माणूस म्हणून भेटली. जवळ घेऊन लाड न करणारी, पण मुलांना सायकलवर घालून मैदानावर नेणारी आई आपल्याकडच्या कित्येक घरांत आहे, आणि तिच्या मुलांनाही आईबद्दल सांगताना अभिमान आणि तक्रार एकाच वाक्यात येते. कुटुंबाला वाहून घेतलेली बाई म्हणजे सदा हसतमुख आणि मऊ बाई, ही कल्पना फॅनीवर लादली गेली. तिने पाळलेलं कर्तव्य खरं होतं. तिच्या मुलांना जे मिळालं नाही तेही खरं होतं. त्या घराबद्दल लिहिताना मी मुलांची बाजू सौम्य केलेली नाही आणि तिच्याकडून माफीही मागितलेली नाही.

वाचकाला दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात. एक, नावं शक्य तेवढी डच उच्चाराच्या जवळ लिहिली आहेत, म्हणून ‘कोएन’ऐवजी ‘कून’ आणि ‘जान’ऐवजी ‘यान’. दुसरी गोष्ट आकड्यांची. फॅनीचे सगळे वेळ हाताने दाबलेल्या घड्याळांचे आहेत, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजलेले. पट्टी कृत्रिम रबराची नव्हती, कोळशाच्या राखेची होती, आणि पावसात ती पाय धरून ठेवायची. ८० मीटर अडथळ्यांची शर्यत १९६८नंतर ऑलिम्पिकमधून गेली आणि तिच्या जागी १०० मीटरची आली. त्यामुळे आजच्या वेळांशी तिचे वेळ ताडून पाहण्यात अर्थ नाही. परिशिष्टात तिचे विक्रम दिले आहेत तिथे प्रत्येक आकड्यापुढे गाव आणि तारीख आहे. १९४२ ते १९४४च्या तारखा वाचताना तो देश तेव्हा कोणाच्या ताब्यात होता आणि तिच्या घरी एक तान्हं मूल होतं, एवढं ध्यानात असू द्यावं.